नमुना मंजूर

मॅडमच्या केबिनमध्ये पाहुण्याला बसायला खुर्ची नव्हती, बाक होता. तिसरीच्या वर्गात असतो तसला, बुटका, पुढे दप्तराची फळी असलेला. पालिकेच्या शाळांसाठी बाक घ्यायचे होते तेव्हा पुरवठादाराने नमुना म्हणून तो आणून ठेवला होता. खरेदी झाली, बाक शाळांत पोचले, त्यांवर बसून पोरं पुढच्या वर्गात गेली, पण केबिनमधला बाक काही हलला नाही. भेटायला कोणीही येवो, ठेकेदार असो, नगरसेवकाचा माणूस असो नाहीतर वरच्या ऑफिसातले साहेब, त्याला गुडघे हनुवटीशी घेऊन त्या बाकावरच बसावं लागे.

"बसा ना," मॅडम अगदी मनापासून म्हणायच्या. "आपणच घेतलेत. मजबूत आहेत."

तासभर बोलायच्या तयारीने आलेला माणूस तिथे लगेच मुद्द्यावर यायचा.

मी पालिकेच्या परळच्या ऑफिसात, खरेदी खात्यात, कारकून म्हणून लागलो. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून मला ई-टेंडरच्या टेबलावर बसवलं. मॅडम खात्याच्या प्रमुख. पहिल्या दिवशी सही घ्यायला केबिनमध्ये गेलो तर भर मे महिन्यात या बाई पंख्याखाली रेनकोट घालून बसलेल्या. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर टोपी, कपाळावरून घाम ओघळतोय आणि हात फायलीवर सह्या करतोय. मी दारातच थबकलो.

"ये ये," त्या म्हणाल्या. "रेनकोट आहे की भट्टी ते बघतेय. सफाईच्या लोकांना हा घालून अख्खी पाळी काम करायचंय. मला फायली वाचवत नाहीयेत, ते गटार कसं साफ करणार?"

बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "भेटला का नमुना?"

मला वाटलं, बाईंना शिव्या घालतोय. नंतर कळलं की अख्ख्या ऑफिसात त्यांना हेच नाव होतं आणि ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. पालिकेने विकत घ्यायची कुठलीही वस्तू असो, मॅडम आधी तिचा नमुना मागवायच्या आणि स्वतः वापरून बघायच्या. फिनेल घ्यायचं असलं की पदर खोचून स्वतः केबिन पुसायच्या. प्रसूतिगृहाच्या उशा घ्यायच्या होत्या तेव्हा जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावर उशी ठेवून त्यांनी डोळे मिटले. त्याच वेळी वरून कोणीतरी पाहणीला आलं. शिपायाने बाहेरच अडवलं. "मॅडम झोपल्यात का?" असं त्यांनी विचारल्यावर आमचा शिपाई गंभीरपणे म्हणाला, "नाय साहेब, काम करतायत."

मॅडम गिरगावातल्या. बाप, काका, आत्या सगळे कारकुनी पेशातले, त्यामुळे बोलणं छापल्यासारखं शुद्ध. मी करी रोडचा, मिलवाल्यांच्या चाळीतला. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर झालाय आणि आम्ही त्याच्याच मागच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहतो. माझी भाषा ऐकून त्या कधी नाक मुरडायच्या नाहीत. उलट टेंडरचा मसुदा तयार झाला की मलाच म्हणायच्या, "आता हे तुझ्या भाषेत सांग."

त्यांचा एक नियम होता. कुठलंही टेंडर पोर्टलवर चढवण्याआधी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायचं. डबे उघडलेले, भाजीची देवाणघेवाण चाललेली आणि मी मधे उभा राहून वाचतोय, 'पुरवठादाराने सदरहू वस्तूंबाबत उपरोक्त नमूद केलेनुसार...' मॅडम हात वर करायच्या. "थांब. कोणाला कळलं?" सगळे आपापल्या डब्यात बघायचे. "ऐकून कळत नाही ते लिहिलं कशाला? जो कळू नये म्हणून लिहितो त्याला काहीतरी लपवायचं असतं, नाहीतर त्यालाही कळलेलं नसतं." मग ते वाक्य तिथल्या तिथे मोडून नवं करायचं. सुरुवातीला लोक डबे घेऊन जिन्यात जाऊन बसायचे. पुढे पुढे रंगायला लागले. हिशेबातल्या एक बाई तर तोंडात घास असतानाच "अस्पष्ट!" म्हणून ओरडायच्या.

ई-टेंडर यायच्या आधीचे दिवस मॅडमनी बघितले होते. तेव्हा टेंडरची लोखंडी पेटी असायची आणि शेवटच्या दिवशी त्या पेटीच्या भोवती ठेकेदारांची माणसं दंड फुगवून उभी राहायची. दुसऱ्या कोणाचं पाकीट पेटीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. पोर्टल आलं आणि ही दांडगाई बंद झाली. घरी बसून कोणीही टेंडर वाचावं, कोणीही भरावं. सगळे म्हणाले, झाला कारभार स्वच्छ. मॅडमनाही पोर्टलचं भारी कौतुक होतं, पण त्या एवढ्यावर थांबायच्या नाहीत.

"पूर्वी दारात माणसं उभी करायचे," त्या म्हणायच्या. "आता अटी उभ्या करतात. माणसं दिसायची तरी."

पोर्टलवर सही करायला डिजिटल किल्ली लागते. पेनड्राइव्हसारखीच दिसते. बऱ्याच ठिकाणी ती साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वर चिकटवलेला असतो आणि सह्या कारकून करतो. मॅडमनी ती काळ्या गोफात ओवून मंगळसूत्राच्या जोडीला गळ्यात घातली होती. एकदा त्यांना ताप होता आणि एक टेंडर उघडायचं होतं. मी फोनवर म्हटलं, "मॅडम, किल्ली पाठवून द्या, मी करून टाकतो." त्या म्हणाल्या, "अरे, सही म्हणजे दात घासायचा ब्रश. कितीही जवळचा असला तरी देत नाहीत." आणि शाल गुंडाळून टॅक्सीने आल्या, सही केली, गेल्या.

माझ्या आईला मी घरी हे सगळं सांगायचो. आई कोकणातली, बाबांच्या मिलच्या संपात दोन घरची धुणीभांडी करून आम्हाला वाढवलेली. ती म्हणायची, "तुझी ती मॅडम खुळी आसा रे. पण खरी आसा."

खुळेपणाचा त्रासही व्हायचा, हे सांगितलं पाहिजे. शाळांच्या पंख्यांच्या वेळी त्यांनी प्रत्येक कंपनीचा पंखा केबिनमध्ये लावून आवाज ऐकत बसायचं ठरवलं. "बाईंचा आवाज मोठा की पंख्याचा, हे कळायला हवं. शेवटच्या बाकापर्यंत कविता पोचायला हवी." तत्त्व बरोबर, पण त्यात उन्हाळा निघून गेला. एका मुख्याध्यापकांनी ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटला. "कविता पोचली नाही तरी चालेल हो, वारा पोचू दे!" मॅडम ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. चुकलंच माझं." त्यानंतर कुठल्याही नमुन्याची तपासणी किती दिवसांत संपवायची, ते त्या आधी ठरवून भिंतीवर लावायला लागल्या.

पण मॅडम म्हटलं की मला आठवतात ते गमबूट.

सफाई कामगारांसाठी दरवर्षी गमबूट घेतले जायचे. ते टेंडर आमच्याकडे आलं तेव्हा मॅडमनी जुन्या खरेदीतला एक जोड मागवला, पायात चढवला आणि ऑफिसभर फिरायला लागल्या. ढब्बक ढब्बक आवाज यायचा. ते बूट त्यांना इतके मोठे होत होते की जिना उतरताना एक बूट पायरीवरच राहिला आणि पाय पुढे आला.

"हे बायका कसे घालतात?" त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत. "चल, विचारून येऊ."

आम्ही भोईवाड्याच्या हजेरी चौकीवर गेलो. सफाई कामगारांची हजेरी लागते, झाडू-गाड्या ठेवतात, ती जागा. दारातच भिंतीला लागून गमबुटांची रांग होती. प्रत्येक बुटात माती भरलेली आणि त्यात तुळस, ओवा, पुदिना, एका बुटात तर सदाफुली मस्त फुललेली.

मॅडम वाकून बघत राहिल्या. शेवंताबाई नावाच्या एक वयस्क कामगार पुढे आल्या. त्यांच्या पायाला मोठं बँडेज होतं.

"बूट दिलेत ना तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"दिलेत की. सही पण केली."

"मग घालत का नाही?"

"पुरुषांचं माप हाय बाई. आत चिंध्या कोंबल्या तरी पाय खुळखुळतो. पळता येत नाय, गाडी अंगावर आली तर. मग म्हटलं, वाया कशाला घालवायचे."

"आणि पायाला काय झालं?"

"काच. कचऱ्यात बाटली फुटलेली व्हती. चपलेतनं आरपार."

 परत ऑफिसात आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "मागच्या खरेदीचं पोर्टलवर काय दिसतंय?" मी उघडून दाखवलं. टेंडर नियमाप्रमाणे, माल वेळेवर, वाटप पूर्ण. सगळीकडे हिरव्या खुणा.

"बघ," त्या म्हणाल्या. "सगळं पूर्ण आहे आणि पाय फुटलाय."

दुसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्रांची रद्दी आणि पेन्सिलींचा डबा घेऊन पुन्हा चौकीवर गेल्या. मला बरोबर घेतलं. कागद जमिनीवर पसरला, स्वतः फरशीवर गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "या एकेक, उभ्या राहा." शेवंताबाई उभ्या राहिल्या तशी मॅडमनी त्यांचा बरा पाय धरून पेन्सिल फिरवायला घेतली. शेवंताबाईंनी चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला.

"बाई, पायाला हात नका लावू. तुम्ही मोठ्या ऑफिसर."

"पायाला हात लावल्याशिवाय बूट कसे होणार?"

"मुकादमाला सांगा ना. घाण हाय पाय."

"ती घाण आमची आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचा पाय द्या."

 शेवंताबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवून पाय पुढे केला. मग एकेक करून सगळ्या बायका आल्या. मॅडमच्या साडीला गुडघ्यापाशी काळे डाग पडले होते. मी पावलांचे ते कागद गोळा करत होतो. एवढे लहान लहान पाय माझ्या आईचेच असावेत असं वाटत होतं.

नव्या टेंडरचा मसुदा वरून आला तो जुन्याचीच नक्कल होती. जेवणाच्या सुट्टीत मी वाचायला घेतला. मापं तीनच, तिन्ही पुरुषांची. पुढे एक अट होती, 'तळव्यावर षटकोनी नक्षी असणे बंधनकारक.'

मॅडमनी हात वर केला. "षटकोनीच का?"

 मी बाजारात चौकशी केली तेव्हा कळलं की तळव्यावर षटकोन असलेले बूट एकच माणूस बनवतो. वर्षानुवर्षं तोच बूट पुरवत होता. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शिवडीला त्यांचं गोदाम होतं. पोर्टल सगळ्यांना उघडं होतं, पण त्या नक्षीतून आत शिरायला जागा फक्त शेठना होती.

मॅडमनी षटकोन काढला. बायकांची मापं घातली. आणि नमुना तपासणी कशी करायची, ते नव्याने लिहिलं. तपासणी आधीही व्हायचीच. कोणीतरी अधिकारी बूट हातात घेऊन दोनदा वाकवायचा आणि 'नमुना मंजूर' असं लिहायचा. मॅडमनी लिहिलं की प्रत्येक पुरवठादाराचे बूट, नाव झाकून, चौकीवरच्या कामगारांनी आठवडाभर घालायचे आणि घसरतात का, पाणी शिरतं का, हे सगळ्यांसमोर सांगायचं. जे पास होतील त्यांचेच दर उघडायचे.

मॅडमच्या वरचे आमचे साहेब मसुदा वाचून अस्वस्थ झाले. "मॅडम, कामगार तपासणी करणार?"

"मग कोण करणार? हाताने वाकवून बघायला बूट काय हातात घालतात?"

टेंडर पोर्टलवर गेलं आणि शेठ ऑफिसात आले. भारदस्त माणूस, बाकात अडकल्यासारखा बसला.

"मॅडम, इतनी सालं मी सप्लाय करतो. कधी कंप्लेंट आली?"

"नाही आली. तुमच्या बुटात तुळस फार छान येते."

शेठना काही कळलं नाही. "तो षटकोन तुम्ही काढला. मी त्याचा साचा बनवलाय, खर्चा केलाय."

"षटकोनाने काय होतं?"

"ग्रिप येते."

"मग ग्रिप हवी असं मी लिहिलंय. तुम्ही षटकोन ठेवा, दुसरा चौकोन ठेवेल. घसरला नाही तो पास."

"आणि लेडीज साइज? थोड्या मालासाठी नवीन साचा परवडत नाय मॅडम."

"फुटलेला पाय परवडतो का?"

शेठ बाकातून कष्टाने उठले आणि गेले. पुढच्याच आठवड्यात वरच्या ऑफिसात त्यांची तक्रार दाखल झाली. मॅडमनी कोणा दुसऱ्याला काम देण्यासाठी अटी बदलल्या, कामगारांच्या तपासणीचं नाटक करून त्या आपल्या माणसाला पास करणार, असा आरोप होता. चौकशी लागली. टेंडर थांबलं.

साहेबांनी मॅडमना बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच होतो. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना खरोखर काळजी वाटत होती. "तुमची रिटायरमेंट आलीय. चौकशी लांबली तर पेन्शन अडकेल. कशाला ओढवून घेता? षटकोन परत घाला आणि तेवढी तपासणी जुन्या पद्धतीने करू. बायकांची मापं राहू द्या, मी बघतो. शेठ तक्रार मागे घ्यायला तयार आहेत."

मॅडम म्हणाल्या, "उद्या सांगते."

त्या दुपारी त्यांनी कशालाच हात लावला नाही. दवाखान्याच्या टॉवेलांचे नमुने आले होते ते तसेच पडून होते. चहावर साय धरली. निघताना मला म्हणाल्या, "घरी ह्यांच्याशी बोलायला हवं. पेन्शन काही माझ्या एकटीची नाही." त्यांचे मिस्टर गणिताच्या खासगी शिकवण्या घ्यायचे, म्हातारपणासाठी त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, झालं, इथेच संपलं. आणि मी त्यांना दोष दिला नसता.

सकाळी त्या आल्या त्या थेट साहेबांकडे गेल्या.

"रात्री ह्यांनी विचारलं, षटकोन परत घातला तर काय बिघडतं? म्हणून मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, मग अडलंय कुठे? झोप आता." मॅडम हसल्या. "चौकशी होऊ दे साहेब. माझं एकच मागणं आहे. मी तपासणीत लबाडी करणार असा आरोप आहे ना, मग ती चौकशी अधिकाऱ्यांसमोर होऊ दे. बुटांवरची नावं त्यांनीच झाकावीत."

साहेबांनी खूप वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "मी पत्र लिहितो." आणि त्यांनी लिहिलं. त्याबद्दल त्यांना मी कायम मानत आलोय.

मागणं मान्य झालं, टेंडर पुन्हा सुरू झालं आणि भोईवाड्याच्या चौकीच्या अंगणात तपासणी झाली. चौकशी अधिकारी इस्त्रीचा सफारी घालून आले होते. त्यांनीच आठवड्यापूर्वी बुटांवरची नावं झाकून अ, ब, क, ड अशी अक्षरं घातली होती आणि कोणतं अक्षर कोणाचं, ते फक्त त्यांच्याकडे होतं. पुरवठादार एका बाजूला उभे होते, त्यांत शेठही होते. मॅडम मुद्दाम सगळ्यात मागे, नळापाशी उभ्या राहिल्या.

अधिकाऱ्यांनी कामगारांना विचारलं, "बोला, कुठले बूट चांगले?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी शेवंताबाई म्हणाल्या, "सगळे चांगले हायत साहेब."

"सगळे?"

"व्हय साहेब. सगळे."

दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं, सगळ्यांचं तेच उत्तर.  एवढ्या माणसांसमोर, साहेब लोकांसमोर, त्या कशाला कोणाचं वाईट बोलतील? शेठ गालात हसले. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

चौकशी अधिकारी वैतागले. "असं कसं? मग तपासणी कसली?" असं म्हणत त्यांनी आपले चामडी बूट काढले, समोर होता तो पुरुषांच्या मापाचा 'ब' चढवला आणि साबणाचं पाणी ओतलेल्या लाद्यांवर पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला त्यांचा पाय सुळ्ळकन पुढे गेला. शेवंताबाईंनी झेप घेऊन दंड धरला म्हणून, नाहीतर सफारीसकट आडवे झाले असते.

"म्हटलं होतं ना, ब घालू नका!" शेवंताबाई ओरडल्या.

"कधी म्हणालात?" अधिकारी धापा टाकत म्हणाले. "तुम्ही तर सगळे चांगले म्हणालात!"

"ते ऑफिसला सांगायचं होतं. आता तुम्ही पडत होता, मग खरं नको सांगायला?"

अंगणात हशा पिकला. अधिकारी आधी ओशाळले, मग स्वतःच हसायला लागले. "बरं, मी पडलोय असं समजा आणि सांगा."

मग जो बांध फुटला! अ टाचेला चावतो. क बरा आहे, पण पाणी गेलं की वास धरतो. ब तर फुकट दिला तरी नको. ड सगळ्यात चांगला, पायात बसतो, घसरत नाही, एका हाताने काढता येतो. "ह्यो घालून मी पळून बघितलंय," एक बाई म्हणाली आणि अंगणात खरंच पळून दाखवलं. अधिकारी उभ्या उभ्या लिहून घेत होते.

ब बाद झाला. बाकीच्यांचे दर दुसऱ्या दिवशी पोर्टलवर उघडले. सगळ्यात कमी दर होता तो 'ड'चा. अधिकाऱ्यांनी नाव उघड केलं.

'ड' शेठचा होता.

केबिनमध्ये सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ खाली मान घालून उभे होते. तक्रार लढवता लढवता, हरायला नको म्हणून, त्यांनी गुपचूप बायकांच्या मापाचे नवे साचे करून घेतले होते, षटकोन टाकून दिला होता आणि दरही मागच्या खेपेपेक्षा खाली आणला होता. आता स्वतःच्या तक्रारीचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं.

मॅडम मात्र उठून त्यांच्याकडे गेल्या. चेहरा असा फुललेला की जणू त्यांच्या घरचंच कोणी पास झालंय.

"शेठ, इतके चांगले बूट बनवता येतात तुम्हाला! मग आजवर का नाही बनवलेत?"

शेठ म्हणाले, "मॅडम, कोणी मागितलेच नाय."

तक्रार मागे घेतली गेली. चौकशीच्या फाइलवर मात्र शेवटी एक शेरा पडलाच, की असे प्रयोग यापुढे पूर्वपरवानगीने करावेत. मॅडमनी तो वाचला आणि पुढच्या प्रत्येक खरेदीच्या वेळी पूर्वपरवानगीचा अर्ज धाडायला सुरुवात केली. वरच्या ऑफिसातले इतके कंटाळले की शेवटी त्यांनी तो प्रयोग हाच नियम करून टाकला. बूट चौकीवर वेळेत पोचले. शेवंताबाई ते घालून गटाराच्या कामावर उतरल्या, आणि तुळशी होत्या तशाच जुन्या बुटांत राहिल्या.

निरोप समारंभात मॅडमच्या मिस्टरांना बोलायचा आग्रह झाला. अबोल माणूस. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. लग्न ठरायच्या वेळी मॅडमनी त्यांना गिरगावातून चौपाटीपर्यंत चालत नेलं होतं, एकदा नाही, दोनदा. पहिल्या फेरीत ते फार भरभर चालले. "दुसऱ्या फेरीत मी बरोबरीने चाललो, तेव्हा मंजूर झालो," ते म्हणाले. मॅडम मान हलवत होत्या. "दोन्ही फेऱ्यांत ते एकसारखे हसले होते," त्यांनी खुलासा केला, "ते जास्त महत्त्वाचं होतं."

आता त्यांच्या जागी मी आहे. मागच्या महिन्यात शाळांमधल्या पिण्याच्या पाण्याच्या नळांचं टेंडर मी पोर्टलवर चढवलं. मोठ्याने वाचलं होतं, सगळ्यांना कळलं होतं, मी खुशीत होतो. दुपारीच फोन आला. लोक वर्तमानपत्र वाचतात तशा मॅडम चहाबरोबर पोर्टल वाचतात, हे मला तेव्हा कळलं.

"नळांचं टेंडर बघितलं," त्या म्हणाल्या. "छान लिहिलंयस. नळाची जमिनीपासूनची उंची कुठून घेतलीस?"

"जुन्या टेंडरातून, मॅडम. कालपर्यंत तीच चालू होती."

"पहिलीतल्या मुलांचा हात तिथवर पोचतो?"

मी डायरी उघडली. "सोमवारी शाळेत जाऊन बघतो मॅडम."

"सोमवारी?" मागून मुलांचा गलका ऐकू येत होता. "मी भोईवाड्याच्या शाळेच्या फाटकात उभी आहे. मधली सुट्टी झालीय आणि एक एवढीशी मुलगी नळाला हात पोचत नाही म्हणून मैत्रिणीच्या पाठीवर चढून पाणी पितेय. तू येतोस का आत्ता?"

मी टेप खिशात टाकली आणि टॅक्सीला हात केला.